गालातला चट्टा आणि पेशीतला बांध

कसारा लोकलने आसनगाव सोडलं की पुढचं स्टेशन आटगाव. स्टेशनाजवळून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, आत वळलं की भातखाचरं आणि पाडे. इथल्या एका आशा सेविकेचा आणि तिच्या भाचीचा हा संवाद. दोघी कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारं संशोधन, वर्षं आणि आकडे मात्र खरे आहेत. मावशीकडे तिशीपुढच्या माणसांची यादी, टॉर्च आणि तोंड तपासून घ्यायला नाखूश असलेलं गाव आहे. भाची नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. गाठीची वाढ आणि पेशींचं सरकणं रोखत असावं, अशा एका जनुकावर तिचं काम चालू आहे.

मावशी: आधी एक सांग. तुझ्या त्या जनुकाने आमच्या पाड्यावर कोणाचा गाल वाचणार आहे?

भाची: आज कोणाचाच नाही.

मावशी: चला, खरं तरी बोललीस. आता सांग काय ते.

भाची: त्याचं नाव फॅट-वन. आपल्या चौथ्या गुणसूत्राच्या टोकाजवळ ते असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. त्यावरून जे प्रथिन बनतं ते अवाढव्य असतं, साडेचार हजारांहून जास्त दुव्यांची साखळी. ती पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेली असते. बहुतेक भाग बाहेर, शेजारच्या पेशीच्या बाजूला, आणि एक आखूड शेपूट आत. त्या शेपटाशी बीटा-कॅटेनिन नावाचं दुसरं प्रथिन अडकून राहतं. ते मोकळं सुटून केंद्रकात गेलं की ‘वाढा, वाढा’ म्हणणारी जनुकं जागी होतात. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर केंद्रातल्या गटाने २०१३ साली हे दाखवलं. फॅट-वन मोडलं की बीटा-कॅटेनिन सुटतं आणि गाठ फोफावते.

मावशी: म्हणजे खाचराचा बांध. तो धड आहे तोवर पाणी आपल्या जागी. खेकड्यांनी पोखरला की एका रात्रीत खालच्याच्या शेतात.

भाची: बांधच. फक्त इथे एका खाचराला दोन बांध आहेत, एक फुटला तरी दुसरा धरून ठेवतो. आल्फ्रेड नुडसन नावाच्या डॉक्टरने १९७१ साली हा हिशेब मांडला. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या कॅन्सरच्या ४८ रुग्णांची माहिती त्याने तपासली. काही मुलांना अगदी लवकर आणि दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या, काहींना उशिरा आणि एकाच डोळ्यात. पहिल्या मुलांची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असणार, एकच घाव बाकी. दुसऱ्यांवर दोन्ही घाव जन्मानंतर बसले असणार, असं त्याने म्हटलं. तेव्हा ते जनुक कोणी पाहिलंही नव्हतं. १९८६ साली ते हाती लागलं आणि नुडसनचा हिशेब बरोबर निघाला.

मावशी: थांब. मला गावात रोज जे ऐकावं लागतं ते विचारते. ‘त्याच्या बापाला पण तोंडाचा झाला होता, घराण्यातच आहे, नशिबात असेल ते होईल.’ हे म्हणणाऱ्याला मी काय सांगू?

भाची: सांग की बापाकडून बहुतेक वेळा चंची आलेली असते, बिघडलेलं जनुक नाही. काही कॅन्सर घराण्यातून येतात, हे खरं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए जनुकांचं तसं आहे, डोळ्याच्या त्या गाठींचं आहे. पण तंबाखू खाणाऱ्याच्या गालात जो होतो, तो झालेल्यांपैकी बहुतेकांना जन्मताना दोन्ही प्रती धडधाकट मिळालेल्या असतात. गालफडात गोळी ठेवायची, तिथेच चुना, तासन्‌तास. त्या जागेवरच्या पेशींवर घाव बसत जातात.

मावशी: हे तू बघितलंस की पुस्तकातलं?

भाची: आपल्याच देशातल्या माणसांच्या गाठींमध्ये दिसलंय. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्राने आणि कल्याणीच्या संस्थेने मिळून...

मावशी: कल्याणला कधी झाली संस्था?

भाची: कल्याण नाही गं, कल्याणी. पश्चिम बंगालमधली, राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था. गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेतल्या कॅन्सरचा त्यांनी अभ्यास केला. आपल्याकडची माणसं गोळी तिथेच ठेवतात, म्हणून भारताने जगाच्या कॅन्सर-जनुक प्रकल्पात हीच जागा निवडली. आधी ५० रुग्णांच्या गाठीतली आणि रक्तातली जनुकं ताडून पाहिली, मग आणखी ६० जणांवर खात्री केली. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. वारंवार मोडलेल्या जनुकांच्या यादीत पी-५३ होतं, कॅस्पेस-८ होतं आणि फॅट-वनही होतं. अमेरिकेत २०१५ साली डोकं-मानेच्या कॅन्सरच्या २७९ गाठी तपासल्या, त्यातही जवळजवळ पाव गाठींमध्ये फॅट-वन बिघडलेलं होतं.

मावशी: तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे सांगायला एवढा खटाटोप? आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात.

भाची: ट्रेनिंगमध्ये जे सांगतात तेही कोणीतरी आधी शोधलेलंच. टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं, तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर रोगनिदान बघायचे. तंबाखू चघळणं आणि तोंडाचा कॅन्सर यांची सांगड घालणाऱ्यांत ते आधीचे. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतविभागाने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली, १९७२ साली त्याचा अहवाल आला. तुझ्या यादीचे ते पूर्वज.

मावशी: एक लाख तोंडं. मला दिवसाला दहा उघडून घेताना दमछाक होते. बायका तर पदर काढत नाहीत तोंडावरचा. मिश्रीने काळे झालेले दात दाखवायची लाज. तंबाखू तव्यावर भाजायची, काळी झाली की वाटायची, सकाळी दाताला लावायची. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते,’ असं मला शपथेवर सांगतात. आणि पोरांचं म्हणशील तर राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, म्हणून आता पुड्या दोन मिळतात, एकीत मसाला, दुसरीत तंबाखू. तोंडात गेल्यावर दोन्ही एकच.

भाची: तू तोंड तपासतेस म्हणजे नेमकं काय करतेस?

मावशी: आधी चूळ भरायला लावते. मग उन्हाकडे तोंड करून बसवते, टॉर्च मारते. म्हणते, स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घाला. ज्याची जात नाहीत, त्याचं नाव वेगळं लिहिते. सुपारी-गुटखेवाल्यांचे गाल आतून चामड्यासारखे घट्ट होतात, तोंड उघडत नाही. मग गाल बाहेर ओढून खालच्या हिरडीची खाच बघते. जीभ डावीकडे, उजवीकडे, वर. पांढरा चट्टा दिसला तर कापसाने पुसून बघते. पुसला गेला तर ठीक. नाही गेला, किंवा लाल चट्टा दिसला, किंवा पंधरा दिवसांत न भरलेली जखम असली, तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तिथून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात. आता मला सांग, यात तुझं जनुक कुठे आलं?

भाची: यात नाही आलं, आणि तुझ्या टॉर्चच्या बाजूचा पुरावा मीच देते. केरळात तिरुवनंतपुरमकडच्या १३ पंचायतींमध्ये १९९६ पासून मोठा प्रयोग झाला. निम्म्या पंचायतींमध्ये प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडं तपासली, बाकीच्यांत नेहमीसारखंच चालू दिलं. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. २००५ साली लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. डोळे, हात आणि उजेड, एवढ्यावर.

मावशी: मग झालं की! भांडण मिटलं. तुमच्या यंत्रांचा पैसा इकडे वळवा, प्रत्येक पाड्यावर एक बाई नेमा, तिला महिन्याच्या महिन्याला मोबदला द्या.

भाची: नाही मिटलं. गेल्या वर्षी तू पांढरा चट्टा म्हणून पाठवलेल्यांपैकी सगळ्यांना कॅन्सर निघाला?

मावशी: छे. बहुतेकांना ‘तंबाखू सोडा, पुन्हा दाखवायला या’ एवढंच सांगून परत पाठवलं.

भाची: तेच म्हणते मी. बहुतेक पांढरे चट्टे कधीच कॅन्सर होत नाहीत. थोडे होतात. टॉर्चखाली दोन्ही सारखेच दिसतात, कित्येकदा सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा फरक कळत नाही. जनुकं बघितली तर थोडं कळतं. चट्ट्यातल्या पेशींमधून तिसऱ्या आणि नवव्या गुणसूत्राचे ठरावीक तुकडे गळालेले असतील तर तो चट्टा पुढे बिघडण्याचा धोका बराच वाढतो, हे २००० सालापर्यंत अभ्यासांतून पुढे आलं होतं. गाठ रोखणारी जनुकं त्या तुकड्यांत असतात. म्हणजे बाहेरून बांध धड दिसतोय, पण आतून पोखरलाय की नाही, ते बघायची सोय. तू शंभरजणांना परत बोलावतेस. त्यातले नेमके कोणते दहा महत्त्वाचे, हे मला तुला सांगता आलं पाहिजे.

मावशी: सांगता आलं पाहिजे. येतं का?

भाची: मोठ्या केंद्रांत, अभ्यासापुरतं. रोजच्या कामात अजून नाही.

मावशी: बरं. आता ते सरकण्याचं सांग. पेशी सरकते म्हणजे काय, तिला काय पाय असतात?

भाची: जवळजवळ. काचेच्या पसरट बशीत पेशी वाढवतो. त्या एकमेकींना चिकटून चादर धरतात. मग पिपेटच्या टोकाने त्या चादरीवर सरळ एक ओरखडा काढायचा आणि दर काही तासांनी फोटो घ्यायचा. कडेच्या पेशी पुढे पातळ पडदा पसरतात, तो तळाला चिकटवतात, मग मागचा भाग ओढून घेतात. चोवीस तासांत ओरखडा किती भरला ते मोजायचं. जखम भरते तीही अशीच, म्हणजे सरकणं वाईट नाही. पण जिथे जखम नाही तिथे पेशी शेजार सोडून निघाली, तर ती गालातून मानेच्या गाठीत जाते, तिथून फुप्फुसात. २०२१ साली ब्रुसेल्सच्या एका गटाने उंदरांच्या त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या गाठींत फॅट-वन काढून टाकलं. त्या पेशी अर्धवट अवस्थेत गेल्या. अर्धा स्वभाव एका जागी राहणाऱ्या पेशीचा, अर्धा भटक्या पेशीचा, आणि गाठ जास्त पसरली.

मावशी: मग आता माझ्या सगळ्यात मोठ्या डोकेदुखीचं उत्तर दे. ‘तुकडा काढला की रोग पसरतो.’ हे एक वाक्य ऐकून माणसं अर्ध्या वाटेवरून घरी येतात. एका म्हाताऱ्याला मी लोकलमध्ये बसवून पाठवलं, तो पुढच्या स्टेशनावर उतरून परत आला. तू पेशी सरकताना बघतेस ना? खरं आहे का ते?

भाची: पेशी सुटते ती तिच्या आतल्या बिघाडाने. धरून ठेवणारी जनुकं आधीच मोडलेली असतात, कोणी तिथे हात लावला नाही तरी ती निघणार असते. तोंडातल्या चट्ट्याचा छोटा तुकडा तपासायला घेतला म्हणून घाबरून पळण्यात काही अर्थ नाही. तुकडा न काढता घरी बसलं तर पेशींना महिनोन्‌महिने मोकळं रान मिळतं. उशिरा गेलेल्या माणसाचा रोग तोवर पसरलेला असतो, त्याच सुमारास तुकडा काढलेला असतो, आणि गाव दोन्हीची सांगड घालतं.

मावशी: हे बरं सांगितलंस. ‘निघणारी पेशी आतूनच निघते.’ हे मी म्हाताऱ्याला सांगू शकते.

भाची: म्हणजे माझ्या बशीतला ओरखडा तुझ्या कामाला आला.

मावशी: एवढ्यात फुगू नकोस. तुझं काम विचारलं की तू म्हणतेस, जनुक गाठ रोखत ‘असावं’. एवढी वर्षं अभ्यास करून ‘असावं’?

भाची: कारण सगळीकडे ते एकसारखं वागत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या गटाने मेंदूच्या एका प्रकारच्या गाठीतल्या पेशी घेतल्या आणि त्यांतलं फॅट-वन दाबून टाकलं. गाठ चेकाळायला हवी होती ना? उलट पेशींचं सरकणं आणि घुसणं कमी झालं. तिथे हेच जनुक रोगाला हातभार लावत होतं. गालात जे राखण करतं ते मेंदूत फितूर निघालं. हेही २०१३ सालचंच.

मावशी: मग त्याचं औषध कसं करणार? एकीकडे वाढवावं तर दुसरीकडे पसरायचं.

भाची: म्हणूनच घाई करत नाहीत. त्यात बिघडलेल्या जनुकाला दाबणं तरी सोपं, हरवलेलं परत आणणं फार कठीण. चीनने २००३ साली पी-५३ ची चांगली प्रत विषाणूत घालून डोकं-मानेच्या गाठीत टोचायच्या औषधाला परवानगी दिली. जगाने ते उचललं नाही. पण सगळं असं फुकट जात नाही. बीआरसीए-१ हे जनुक १९९४ साली हाती लागलं. ते मोडलेल्या पेशी आपला डीएनए नीट दुरुस्त करू शकत नाहीत, तर त्यांची उरलेली वाटही बंद करू, असा विचार पुढे आला. त्या विचारातून औषध २०१४ साली बाजारात आलं. वीस वर्षं लागली.

मावशी: वीस वर्षांत इथे एक पिढी मिश्री लावून म्हातारी होते.

भाची: हो. आणि ती वीस वर्षं १९९४ साली कोणी सुरू केली नसती तर २०१४ सालीही हातात काही नसतं. कमल रणदिवे आठवतात? पुण्याच्या. परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. मी ज्या बशीवर ओरखडा काढते ती पद्धत आपल्याकडे रुजवली ती त्यांनी. उंदरांवर स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. आणि त्याच बाई पुढे घाटापलीकडे अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचं मोजमाप करायला गेल्या. त्यांना ही दोन कामं एकमेकींच्या विरोधातली वाटली नसावीत.

मावशी: एका बाईला दोन्ही जमलं म्हणून सरकारला जमतं असं नाही. पैसा एकच असतो, तो कुठेतरी एकीकडे जातो. तुझ्या यंत्राला जातो तो दिसतो, त्याचं उद्घाटन होतं. मी एका माणसाकडे तीन वेळा गेले, तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं, याचं उद्घाटन होत नाही.

भाची: हे मान्य. पण दोष संशोधनाचा नाही.

मावशी: दोष कोणाचा का असेना. तुझ्या शंभरातल्या दहाचं घे. समज, तू मला सांगितलंस की हे दहा धोक्याचे. तुझं उत्तर येणार कधी?

भाची: नमुना घेतल्यापासून काही आठवडे.

मावशी: दिवाळी झाली की कातकरी वाडीतली माणसं वीटभट्टीवर जातात, बिऱ्हाडासकट. पाऊस तोंडावर आला की परततात. मधले सहा-सात महिने वाडीत म्हातारी आणि कुत्री. तुझं उत्तर येईल तेव्हा तो माणूस भिवंडीकडे असेल की वसईकडे, मला माहीत नसेल. मुरबाडच्या आतल्या गावांना तर रेल्वेच नाही, एसटी चुकली की दिवस गेला. तुझी तपासणी परत येणाऱ्या माणसासाठी आहे. माझी माणसं परत येत नाहीत, म्हणून मी जागेवर बोलते: चट्टा आहे, आजच चल, मी येते बरोबर.

भाची: पण आजच चल म्हणून शंभरांना नेलंस, नव्वदांना ‘काही नाही’ म्हणून परत पाठवलं, की पुढच्या वेळी कोणी येत नाही. तू मघाशी म्हणालीसच, बहुतेकांना परत पाठवतात. त्यांची मजुरी बुडते. गाव म्हणतं, आशाताई उगाच घाबरवतात. चाचणी नसल्याची किंमतही तूच मोजतेस.

मावशी: मोजते. ते खरं आहे.

भाची: मग?

मावशी: मग तुझ्या चाचणीला माझ्या अटी. तुकडा कापायचा नाही, ब्रशने गाल घासून जे निघेल त्यावर झाली पाहिजे. उपकेंद्रात झाली पाहिजे. आणि उत्तर त्याच दिवशी, फार तर पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी.

भाची: ब्रशने पेशी घेण्यावर काम चालू आहे. त्याच दिवशी उत्तर, हे अवघड आहे.

मावशी: अवघड असेल. पण हे तुम्ही शेवटी बघता, आधी जनुक, मग औषध, मग कधीतरी माणूस कुठे राहतो ते. मला विचारलं असतंत तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. बरं, पेशी एवढ्या बघतेस, आईचा गाल बघितलास कधी?

भाची: आईचा?

मावशी: ती माझी बहीण आहे, तिची मिश्रीची डबी देव्हाऱ्यामागे असते. मी बघते तिचं तोंड, यादीत नाव आहे. चट्टा नाही अजून. पण माझं ऐकत नाही ती. म्हणते, तू आठवी शिकलेली, मला काय शिकवतेस. तू शिकलेली आहेस. मला जे सांगितलंस, दोन बांधांचं, घाव बसत जातात ते, आज तिला सांग.

भाची: तिने ऐकलं नाही तर?

मावशी: तर उद्या पुन्हा सांग. मग कळेल, माझ्या कामाला तीन खेपा का लागतात. आणि तीन खेपांनंतरही ती नाही म्हणाली, तर तिचा गाल घासून घे आणि तुझी चाचणी लवकर तयार कर.